डावी बाही

बस शहराबाहेर पडली नाही तोच धाकटीनं पिशवीतून लोकरीची बाही काढली, खांद्याकडची गाठ दातानं तोडली आणि सरसर उसवायला घेतली.

"अहो, एवढं विणलेलं उसवताय?" शेजारच्या सीटवरची बाई कळवळली.

"चुकलंय," धाकटी म्हणाली. मग कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "मी नाही विणलेली."

बाही होती थोरल्या जाऊबाईंची. आठ महिन्यांपूर्वी थोरलीला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बोटं हलती ठेवा, डॉक्टर म्हणाले. सून गरोदर आहे कळल्यावर थोरलीनं हट्टच धरला, "बाळाच्या स्वेटरचं अंग आणि उजवी बाही तू कर. डावी मी करणार." वीतभर बाही, पण तिला चार महिने लागले. गेल्या रविवारी वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं ती धाकटीच्या हातात ठेवली. "घे, जोड आता. पुढच्या रविवारी बाळ घरी येतंय."

आणि सोमवारी घोळ झाला. ग्रंथालयाच्या माडीवर दर सोमवारी विणकामाच्या बायका जमतात. धाकटी तिथली उस्ताद. कुणाचे टाके अडले की सगळ्या तिच्याकडे. तिनं सुया काढायला पिशवी उपडी केली आणि बाही सगळ्यांच्या मधोमध पडली.

"अगंबाई! हे काय, मांजरानं विणलंय की काय?"

हसता हसता बायकांची पुरेवाट झाली. बाही कुणाची ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. धाकटी म्हणाली, "शिकाऊ हात आहे हो!" आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली. लग्न होऊन घरात आली तेव्हा हिला सुई कुठल्या बाजूनं धरतात तेही ठाऊक नव्हतं. मागं बसून, हातात हात धरून जिनं शिकवलं, ती थोरली. तिला शिकाऊ म्हणाली ही! जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

त्यात हा आठवडा म्हणजे नुसती पळापळ. मंगळवारी गळका नळ आणि तीनदा फोन केल्यावर उगवलेला प्लंबर. बुधवारी लेकीच्या वसतिगृहाचा प्रवास, सोबत गादीएवढं जाड पांघरूण. तिथल्या न्हाणीघरात तिनं बसमध्ये उसवलेली लोकर धुतली, वाकडीतिकडी झालेली सरळ व्हावी म्हणून खाली पाण्याची बाटली बांधून खिडकीत टांगली.

"आई, भेटायला आलीस की कपडे वाळत घालायला?" लेक म्हणाली. धाकटी म्हणाली, "शनिवारच्या आत व्हायला हवंय." लेकीला वाटलं, रविवार म्हणायचं असेल.

गुरुवारी परतीच्या बसमध्ये तिनं टाके घातले. शुक्रवारी नवऱ्याचा चष्मा आणायचा होता, बटणं घ्यायची होती, घराची आणखी एक किल्ली करून घ्यायची होती. दुकानात उभी असली तरी सुया चालूच. चष्म्याच्या दुकानात शेवटची ओळ बंद झाली. शनिवारी त्याच बायकांबरोबर तळ्याकाठी सहल होती. डबे उघडायच्याही आधी स्वेटर या हातातून त्या हातात फिरला.

"हात आहे की मशीन!"

"आणि ते मांजराचं काम कुठं गेलं?"

"गेलं," धाकटी म्हणाली. परत हशा. खरं तर तिथंच तिची मान खाली जायला हवी होती. गेली नाही. उलट घरी येईपर्यंत बाईसाहेब हवेत होत्या.

रविवारी थोरलीच्या घरी सगळे जमले. बाळ आतल्या खोलीत झोपलेलं, सून दमलेली, बाळाचा बाप, म्हणजे पुतण्या, मात्र पाय जमिनीला लागू न देता फिरणारा. थोरली खिडकीजवळच्या खुर्चीत होती. धाकटीनं स्वेटर तिच्या मांडीवर ठेवला.

थोरलीनं आधी डावी बाहीच धरली. मनगटाकडून अंगठा फिरवत वर वर गेली. कोपराशी थांबली. परत खाली आली, परत वर गेली.

"अगं, इथं भोक होतं ना एक?"

"ते... भरलं मी," धाकटी म्हणाली.

पुतण्यानं तेवढ्यात स्वेटर उचललाही होता. "आई! ही तू केलीस? अगं, दोन्ही बाह्या अगदी सारख्या! हात सुधारतोय म्हणून मी ओरडतोय, तर कुणी ऐकतच नाही. उद्या डॉक्टरांना दाखवायची ही. त्यांनाही कळू दे."

तो बायकोला हाक मारत आत निघाला. आता बोलावं तर सगळ्यांसमोर, न बोलावं तर उद्या डॉक्टरांसमोर थोरलीची परीक्षा. तिनं ओठ उघडले, तर थोरलीच आधी बोलली.

"अरे थांब. ती माझी नव्हे. माझ्याच्यानं नाही झाली, अर्ध्यावर सोडली मी. हिनं केली."

पुतण्या जागीच थांबला. त्याचा चेहरा असा पडला की बघवेना. "असू दे गं आई," तो म्हणाला, लहान मुलाला म्हणावं तसं, आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. थोरलीनं थोपटून घेतलं. धाकटीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं धाकटीला.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "ताईंनी पुरी केली होती. मी उसवली."

"का काकू?"

"बायका हसल्या. आणि मीही हसले. ताईंचं नाव नाही घेतलं मी. शिकाऊ हात आहे म्हणाले."

सून दारात येऊन उभी होती. धाकटीला वाटलं, आता पिशवी उचलावी आणि निघावं. तिनं पिशवीला हात घातलाही. थोरलीनं डोळ्यांनी समोरचं स्टूल दाखवलं. धाकटी बसली.

"कशी होती गं?"

"काय?"

"माझी बाही. खरं सांग. आता काय, उसवून तर बसलीस."

धाकटीनं पदर तोंडाला लावला, काढला. "मनगटाशी घट्ट होती. फार घट्ट. मग मधे टाके सुटलेले. कोपराजवळ ते भोक. आणि वर..."

"वर काय?"

"वरच्या दहा ओळी सरळ होत्या, ताई. एक टाका इकडचा तिकडे नव्हता. त्याच आधी उसवल्या मी. हाताला कळलं होतं माझ्या, तरी ओढत राहिले."

पुतण्यानं हातातल्या बाहीकडे पाहिलं. मग स्वेटर हळूच आईच्या मांडीवर ठेवून दिला.

थोरली आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. बोटं किंचित हलत होती.

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "पण आपलं आपल्याला काय कळतंय? म्हटलं, तू जोडायला घेशील, तेव्हा बघशीलच. मग तूच येऊन सांगशील."