टाळू, तेल आणि ते बोंडलं

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे. केरळातल्या मन्नार गावच्या कासाराने मला ओतलं आणि पंकजाक्षीच्या लग्नात मी या घरी आले. तेव्हापासून इथल्या प्रत्येक तान्ह्याच्या टाळूला माझ्यातलंच कोमट खोबरेल लागलं. जन्मताना दबून लांबुडकं झालेलं डोकं आपोआपच गोल होतं म्हणे, पण श्रेय मला मिळायचं. मी तरी कशाला नाकारू?

शेजारी फळीवर एक बोंडलं असे. चोचीचं, नखरेल. काम काय, तर थेंबभर दूध पाजायचं! तरी बाळं त्याला पाहून तोंड उघडत आणि मला पाहून भोकाड पसरत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग पंकजाक्षीच्या लेकीला, ओमनाला, मुलगी झाली. मेडम महिन्याचा, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखाचा, उकाडा होता. बाळ सारखं झोपू लागलं, दूध ओढीना, दुपटी कोरडीच राहू लागली. टाळूला खळगा पडला.

"टाळू भरली नाही गं हिची," पंकजाक्षी म्हणाली. "तेल जिरवायला हवं."

मी फुगले. तिने मला काठोकाठ भरलं, खळग्यात तेल ओतलं, पुन्हा ओतलं. बोंडल्याकडे मी मुद्दाम पाहिलं. पण बाळ रडेनासंच झालं.

"अम्मे, ही डोळे उघडत नाही गं!" ओमना किंचाळली.

शेजारचे अच्युत वैद्य धावत आले. मागोमाग त्यांची डॉक्टर मुलगी वत्सला. वैद्यांनी टाळूवर बोट ठेवलं.

"पंकजाक्षी, हे काय लोणचं मुरवतेयस? हा खळगा वरून भरत नाही. आमच्या ग्रंथात याला तालुकंटक म्हणतात. टाळू खोल जाते, बाळ अंगावर पीत नाही."

"आणि आम्ही म्हणतो, अंगातलं पाणी आटलं," वत्सला म्हणाली. "कवटीची हाडं अजून जुळली नाहीत, म्हणून ते वरून दिसतं. दवाखान्यात न्यायचंच आहे. गाडी येईपर्यंत हिला जागं करून थेंब थेंब दूध पाजा. बोंडलं आहे ना घरात?"

मला राखेने घासलं, उकळलं. ओमनाने माझ्यात दूध पिळलं. पण ओठांना लागलं कोण? तेच! बाळाने पहिला घोट गिळला आणि पंकजाक्षीने रडत रडत बोंडल्याचा मुका घेतला. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

बाळ दवाखान्यातून सुखरूप परतलं. खळगा भरून आला होता. आता ती पोर अंगणभर धावते, तिची टाळू हाडाने मिटली आहे. बोंडलं काचेच्या कपाटात मिरवतं, माझ्यात सुया-बटणं असतात.

मित्रांनो, तान्ह्याची टाळू खोल गेली, तर तेल शोधत बसू नका. दूध पाजा आणि दवाखाना गाठा. हे मलाच सांगावं लागतंय! बोंडल्याला मात्र कळवू नका.

आता आपल्या कपाळाच्या वर, केसांत, हात ठेवा. तान्हेपणी तिथे हाड नव्हतं, नाडी उडताना दिसायची. त्या मऊ जागेवर माझ्यासारख्याच एखाद्या वाटीतलं कोमट तेल लागलं होतं. त्या चोचीला तिथवर कधीच पोचता आलं नाही.