निळ्या दोऱ्याच्या भाकरी

लिलाबाईंनी चौथ्या दिवशीही सकाळीच तवा ठेवला. सून सरिता भाकरी फडक्यात बांधत होती आणि मधूनच मोबाईल बघत होती.

चार दिवसांपूर्वी नदीकाठच्या तांड्यात पुराचं पाणी शिरलं, चाळीस कुटुंबं एका शाळेत येऊन राहिली. मंगरूळपीरच्या सरितानं त्याच संध्याकाळी हरीओम सरांना सांगून मोबाईलवर मदतीचा ग्रुप काढून घेतला. बघता बघता एकशे बारा माणसं जमली. कोण चादरी देणार, कोण भाकरी, सगळं ग्रुपवर ठरे. वाटपही सरांकडेच होतं. सरिता शिकवायची त्याच शाळेतले ते शिक्षक, पंधरा वर्षं तिच्या डब्यातली भाजी मिटक्या मारत खाणारे. सरितानं डोळे मिटून विश्वास टाकला होता.

त्यांनीच सांगितलं होतं, "ताई, तुमच्या वस्तीतल्या गाठोड्याईले निळा दोरा बांधजा. कुठून आलं ते कयते." आपल्या बौद्ध वस्तीतल्या साठ घरांची भाकरीची गाठोडी ती रोज स्वतः बांधून रिक्षात चढवत असे.

आज रिक्षा आली नाही, म्हणून ती भाकरी घेऊन स्वतःच तांड्यातली माणसं राहत होती त्या शाळेत गेली. ओसरीवर तांड्यातला म्हातारा सोमला एका भाकरीचे तीन तुकडे करून नातवंडांना देत होता.

"बाबा, भाकरी पुरत नाही काय?"

"सकायी एक, सांजेले एक. लेकरं रडतात, बाई. पण मांगावं कसं?"

चादर शोधायला ती मागच्या खोलीत गेली. बाकाखाली निळ्या दोऱ्याची गाठोडी तशीच पडली होती. एकही सोडलेलं नव्हतं. खालच्यांना बुरशी आली होती.

हरीओम सर मागोमाग आले. "ताई, मनाले लावून घेऊ नका. पीठ, तांदूळ दिलं असतं तं चाललं असतं. शिजवलेलं लोकाईले चालत नाही."

"कोणत्या लोकाईले?" सरिता दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या सोमलाकडे वळली. "बाबा, आमच्या घरच्या भाकरी तुमाले चालत नाही काय?"

सोमला त्या ढिगाकडे बघतच राहिला. "आमाले कोनं इचारलंच नाही, बाई."

"आन् सर, पंधरा वर्षं माह्या डब्यातलं खाल्लं, ते?"

"ते आपल्यातलं झालं," सरांनी आवाज खाली आणला. "चारचौघात पाहा लागते."

भेदभाव सरिताला नवा नव्हता. पण आपल्या घरांवरची खूण या माणसानं आपल्याकडूनच करून घेतली, याची तिला शिसारी आली. तिनं तिथंच फोटो काढला आणि घडलं ते सगळं ग्रुपवर लिहिलं. पाच मिनिटांत हरीओम सरांनी तिला ग्रुपमधून काढून टाकलं. ग्रुप काढायला तिनंच त्यांना सांगितलं होतं.

घरी लिलाबाईंनी विचारलं, "खाल्ल्या काय वं लेकराईनं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण सरितानं सगळं सांगितलं. लिलाबाई पिठाचा डबा पुढं ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या आपुनच जाऊ. वाढू आन् त्याईच्या संगंच जेवू."

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या. शाळेच्या अंगणात पंगत बसली. पहिला घास सोमलानं घेतला, आणि लेकरं पोटभर जेवली.

सरिताचा फोटो ग्रुपमधल्या सगळ्यांनी पाहिला होता. त्या पंगतीला त्यांतलं वस्तीबाहेरचं एकही माणूस आलं नाही. ग्रुप अजून चालू आहे; आपण त्यात आहोत का, ते ज्याचं त्यानं पाहावं.