कट्ट्याभोवतीच्या फेऱ्या

मी मागच्या टायरवर खडूने एक रेघ ओढली आणि पायडल बरोबर एक फेरा फिरवलं. चाक दोन फेरे पूर्ण करून तिसऱ्याच्या दोन-तृतीयांशावर थांबलं. पुढच्या चक्राला अठ्ठेचाळीस दाते होते, मागच्याला अठरा, तेव्हा हे बरोबरच होतं. मग मी उलटं करून पाहिलं. हाताने चाक फिरवलं तर पायडलही फिरायला लागलं. दोन्ही बरोबर फिरत राहिली आणि बरोबरच थांबली.

"मॅडम," येडबा म्हणाला, "सायकल घ्यायलाव का तिचा पेपर तपासायलाव?"

येडबाचं सायकल दुरुस्तीचं दुकान पाथरीच्या बसस्टँडसमोर होतं. एप्रिलपासून जुलैपर्यंत मी तिथे नुसती पाहून जात होते. नवी लेडीज सायकल परभणीहून मागवावी लागणार होती, आणि ती कधी येईल ते कोणी सांगत नव्हतं. दांडीची सायकल आणि माझी साडी यांचं जमणार नव्हतं. राहिली ही एक.

मे महिन्यात बाजारतळावर सात दिवस, सात रात्री सायकल चालवणारा एक माणूस आला होता. जमिनीला पाय न लावता तो सायकलवरच जेवला, दाढी केली, अंघोळ केली. लोक शेजारून धावत त्याच्या हातात चहाचा कप द्यायचे. त्याची बायकोही कसरती करायची, म्हणून सायकलला दांडी नव्हती. आणि ती उलटी चालवता यावी म्हणून त्याने मागचं फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम केलं होतं. आठव्या दिवशी त्याने ही सायकल येडबाला दिली आणि एस.टी.त बसल्याबसल्या झोपून गेला.

"हिचं चाक फिरलं की पाय फिरनार," येडबा म्हणाला. "वर नुसतं बसून ऱ्हायची सोय न्हाई."

"फ्रीव्हील बदलता येईल?"

"येईल की. परभनीहून सामान आलं की बदलू. तवर अशीच चालवा. न्हाई तर अजून तीन म्हैने रेघा वडा. मानूस एवढ्या टायमात सायकल शिकतो, पडतो आन दुसरी घेतो."

मी सायकल घेतली. त्याला कारण भुजंगची जीप होती.

मी शिकवत होते ते हायस्कूल पाथरीहून सात किलोमीटरवर. तिकडे जाणारी एकच जीप, भुजंगची, आणि ती भरल्यावर निघायची. चौदा माणसं बसली तरी भुजंगच्या लेखी ती रिकामीच असायची. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद असला की तीही नाही. जूनपासूनच्या पहिल्या चोवीस दिवसांत मी अकरा दिवस उशिरा पोचले होते, आणि दहावीचं विज्ञान पहिल्या तासाला होतं. हेडमास्तर किशनराव सरांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, असंच चाललं तर तो तास मला घ्यावा लागेल."

सरांचा विषय इतिहास. मागच्या वर्षी एकदा त्यांनी माझ्याऐवजी तास घेतला होता. त्यानंतर वर्गातल्या प्रत्येकाला ऑक्सिजनचा शोध कोणत्या साली लागला हे पाठ होतं आणि ऑक्सिजन जळतो की जाळतो हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

"नाही तर हे भरा." त्यांनी कागद पुढे केला. संस्थेच्या पाथरीच्या शाळेत बदलीचा अर्ज. ती शाळा माझ्या खोलीपासून चार मिनिटांवर होती. तिथे गॅसची शेगडी असलेली प्रयोगशाळा होती, खरा तराजू होता. आमच्याकडे एक कपाट होतं, आणि त्याच्या किल्लीला कपाट आवडत नव्हतं.

"पाहते, सर," मी म्हणाले.

महिनाभर मी तेच म्हणत होते. एकदा सर म्हणाले, "बाई, तुमचं 'पाहते' कोणत्या साली संपतं, तेवढं सांगून ठेवा. मी लिहून ठेवतो."

सायकल मला कॉलेजपासून येत होती, आणि हीच अडचण झाली. जुन्या सवयीने मी उतारावर पाय थांबवले. सायकलने ते थांबू दिले नाहीत. पायडलने मला सीटवरून उचललं आणि घरमालकीण धुरपताबाईंच्या ओट्यासमोर ठेवलं. पहिल्या दिवशी असं चार वेळा झालं.

"आज किती?" धुरपताबाई रोज विचारायच्या.

"तीन."

"उतार पडायलाय म्हनायचा. ताप असता तर आतापर्यंत गेला असता."

साडीचा काठ साखळीत जाऊ नये म्हणून मी परीक्षानळी धरायचा लाकडी चिमटा लावू लागले. त्यावर धुरपताबाई म्हणाल्या, "बरं केलं माय. आता वर जाळ तेवढा लावायचा ऱ्हायला."

नवव्या दिवशी मी पडले नाही. पाय मोकळे सोडायचे आणि फिरतील तसे फिरू द्यायचे, एवढंच होतं ते. वेग कमी करायचा तर पायडलला मागे रेटायचं. ओढ्याजवळ काळी माती चाकात बसली की ब्रेक निकामी व्हायचा, तेव्हा हे रेटणंच कामाला यायचं. भुजंगची जीप चिखलात रुतलेली असताना मी दोनदा तिच्या शेजारून गेले. आतल्या चौदा माणसांनी मला पाहिलं. येडबाने सामान आल्याचा निरोप पाठवला. मी म्हणाले, राहू दे.

उतरणं मात्र जमलं नव्हतं. त्या माणसाची सीट उंच होती आणि जाम बसलेली होती. पायडल फिरत असताना खाली उडी मारायची मला भीती वाटायची. पाथरीत धुरपताबाईंचा ओटा होता, शाळेत झेंड्याचा कट्टा. वेग कमी करून मी तिथे पाय टेकवायची.

चौदा ऑगस्टला मी दहा वीसला शाळेच्या फाटकातून आत शिरले. कट्ट्याजवळ आले, पाय पुढे केला, तोच व्हरांड्यातून सरांचा आवाज आला.

"बाई, कट्ट्याला पाय लावू नका. चुना ओला आहे."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होतं. मी पाय परत पायडलवर घेतला आणि कट्ट्याला वळसा घातला.

"थांबा की," सर म्हणाले.

"उतरायला काहीतरी लागतं, सर."

शिपाई कासाबाई पाण्याची घागर भरत होत्या. "अगं बया, बाईंनी सात दिवसाचं घेतलं का काय," म्हणत त्या ग्लास घेऊन शेजारून धावल्या. बाजारतळावर त्यांनी त्या माणसालाही असंच पाणी दिलं होतं. मी एका हाताने ग्लास घेतला, प्यायले आणि पुढच्या वेळी परत केला. दहावीच्या मुली मैदानात गोल करून बसल्या. कोणीतरी फेऱ्या मोजायला लागलं.

"कासाबाई, स्टूल आणा," सर म्हणाले. मग त्यांना आठवलं. ते आत जाऊन अर्ज घेऊन आले. "बाई, याची शेवटची तारीख आज आहे."

"पाहते, सर," मी म्हणाले, आणि सायकल मला पुढे घेऊन गेली.

"मी पण पाहायलोय," पुढच्या फेरीला ते म्हणाले. एरवी शाळेत ते असं गावच्या बोलीत बोलत नसत. "फिरता फिरता सही करता का? पेन धरून उभा राहतो."

मुली हसल्या. त्या लगेच गप्पही झाल्या. त्या कागदाची गोष्ट त्यांना माहीत होती, हे मला तेव्हा कळलं. पुढे बसलेल्या चतुराच्या मांडीवर वही उघडी होती. आदल्या दिवशीच्या मेणबत्तीच्या प्रयोगाची आकृती तिने काढली होती, आणि मेणबत्तीवर पालथा घातलेला ग्लास मापात होता.

"बाई, हितं पाय ठिवा," कासाबाईंनी स्टूल मांडलं.

मला थांबता आलं असतं. मी स्टुलाच्या शेजारून तशीच पुढे गेले, आणि व्हरांड्यासमोर येईपर्यंत पायडल मागे रेटत राहिले. सायकल चालण्याच्या वेगावर आली. सरांनी कागद पुढे धरला.

"तो फाडा, सर," मी म्हणाले. "मी बदली मागणार नाही. दहावीचा पहिला तास मीच घेणार."