फाउलची सोंगटी

शौकत धारवाल्याला जन्मठेप झाली ती एकाच माणसाच्या दोन साक्षींमुळे, आणि त्यातली एक अगदी खरी होती. म्हणाल, म्हातारा पुन्हा सुरू झाला. नाशिक रोडला कुठल्याही टपरीवर विचारा. फक्त हळू विचारा, कारण त्या साक्षीदाराचं नाव घ्यायला कायद्यानं मनाई आहे. म्हणून मी घेतो: पुंजाराम.

शौकतचा धंदा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. छाटणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीच्या बागांतून कात्र्या त्याच्याकडे पोत्यानं यायच्या. त्याच्या कात्रीवर माशी बसली तर उडताना दोन व्हायच्या आणि दोघी दोन दिशांना जायच्या. हे मी पाहिलेलं आहे. संध्याकाळी दुकान बंद केलं की तो पुंजारामच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॅरम खेळायला जायचा. पुंजाराम शाळेत शिपाई. त्याला एक खोड होती. नेम धरण्याआधी तो कॅरमच्या पाटाच्या कडेवर नखानं दोनदा वाजवायचा, टक टक, आणि मग मारायचा. पुढं पुढं तर बायकोला उत्तर द्यायच्या आधीही भिंतीवर टक टक.

त्या शेडमध्ये एक नियम देवाधर्मापेक्षा मोठा होता. फाउल झाला की आपली एक सोंगटी परत पाटावर ठेवायची. ठेवली की विषय संपला. मग कुणी कुणाला घालूनपाडून बोलायचं नाही.

एका दिवेलागणीला रेल्वेच्या मालधक्क्याचा रखवालदार कुंदन याला कुणीतरी भोसकून मारलं. पोलिसांना सुरा हवा होता, आणि शौकतच्या दुकानात सुऱ्यांना तोटा नव्हता. शौकत म्हणाला, "साहेब, मी तेव्हा पुंजाभाऊकडं खेळत होतो." म्हणून फौजदारांनी पुंजारामला बोलावलं.

"तुझ्याकडं होता तो?"

"होय साहेब."

"खुनाच्या आधी का नंतर?"

"दोन्ही टायमाला माझ्याकडंच की."

"मग दोघांनी मिळून केला म्हण. बस त्या बाकावर, तुझंही नाव घालतो."

पुंजाराम बाकावर बसला. उठला तेव्हा त्यानं शौकतला सुरा घेऊन मालधक्क्यावरून पळताना पाहिलेलं होतं.

"पण साहेब, त्याच्या तोंडावर मला नाय बोलता यायचं."

"तोंडावर कोण सांगतंय? पडद्याआडून बोल. तुझ्या बायकोलाही कळायचं नाही."

कोर्टात पडदा नव्हता. मंडपवाल्याकडून आणला, त्यावर नाचणारे मोर. अलीकडे शौकत, पलीकडे पुंजाराम, मध्ये कापड. अक्षता तेवढ्या वाटायच्या राहिल्या होत्या. आवाज बदलायचं यंत्र एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून आलं, पण त्याचं बटण घुमवण्यावर अडकलेलं. त्यामुळे पुंजाराम बोलला, "मी पळताना पाहिला," आणि यंत्र बदकाच्या आवाजात म्हणालं, "पाहिला... पाहिला... पाहिला." टायपिस्ट बाई प्रामाणिक. त्यांनी तीनदा लिहिलं.

साक्षीदाराचं नाव ज्या न्यायाधीशांना ठाऊक होतं ते बदलून गेले होते. नवे म्हणाले, मला नाव नकोच, माझं मन स्वच्छ राहू द्या.

शौकतच्या वकील तेजस्विनीबाई उलटतपासणीला उठल्या. "साक्षीदार कुठं उभा होता?"

सरकारी वकील म्हणाले, "ओळख उघड होईल." प्रश्न नाकारला.

"त्याला चष्मा आहे का?" नाकारला.

"आरोपीशी त्याचं काही नातं, भांडण, येणंजाणं?" नाकारला.

शेवटी बाईंनी विचारलं, "त्या दिवशी उकडत होतं का?"

हा प्रश्न चालला. पडद्यामागं लाकडावर दोनदा वाजलं, टक टक, आणि मग बदक म्हणालं, "होय... होय... होय."

पिंजऱ्यात शौकत ताठ झाला. मधल्या सुट्टीत तो बाईंना म्हणाला, "मॅडम, तो पुंजाभाऊ आहे."

"खात्री आहे?"

"अर्धा जन्म त्याच्यासमोर बसलोय."

"हे कोर्टात बोललात तर साक्षीदाराची ओळख फोडल्याचा आणखी एक गुन्हा लागेल. वर म्हणतील, धमकवायलाच शोधून काढला. त्या संध्याकाळी तुम्हाला पाहिलेलं दुसरं कुणी आहे?"

"शेडमध्ये आम्ही दोघंच होतो."

बाईंनी वही मिटली. शौकत म्हणाला, "मग त्यालाच बोलवा. आपल्याकडून, उघड. माझ्या तोंडावर खोटं बोलायचा नाही तो."

एवढी एक गोष्ट शौकतला बरोबर कळली होती.

समन्स मिळालं तेव्हा पुंजाराम खूश झाला. टपरीवर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, लय बरं झालं. तिकडं फाउल झाला, आता इकडं सोंगटी परत ठेवतो. विषय संपला."

मी म्हणालो, "पुंजा, कोर्ट म्हणजे शेड नाही."

"नियम सगळीकडं सारखाच असतो, बाबा," तो म्हणाला, आणि टपरीच्या फळीवर टक टक केलं.

पुंजाराम इस्त्रीचा शर्ट घालून गेला, मोकळ्या तोंडानं उभा राहिला. कठड्यावर टक टक करून शौकतच्या डोळ्यात बघत बोलला, "हा माझ्याकडं होता. राणी त्यानं घेतली, म्हणून ध्यानात हाय." शौकतचे डोळे भरून आले. तेजस्विनीबाई खाली बसल्या. सरकारी वकील उठले.

"तुम्ही आरोपीचे मित्र?"

"जिवाभावाचा."

"एका तटस्थ साक्षीदारानं त्याला पळताना पाहिलंय. तीन-तीनदा सांगितलंय. तो खोटारडा आहे का?"

मागच्या बाकावर फौजदार टोपीवरची धूळ झटकत बसले होते. पुंजारामनं तिकडं बघितलं. "तो कोण, काय, मला काय म्हाईत."

"आरोपीशी त्याचं वैर असेल?"

"छे छे, अजिबात नाय," पुंजाराम घाईनं म्हणाला. स्वतःवर तसला आळ त्याला सहन होईना.

"मग तो खोटं का बोलेल?"

पुंजारामनं कठड्यावर टक टक केलं. पुन्हा टक टक केलं. न्यायाधीश म्हणाले, "कठडा वाजवू नका."

निकालात लिहिलं होतं की, उघड साक्षीदार हा आरोपीचा जिवलग असल्यानं त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. पडद्यामागच्या साक्षीदाराचा मात्र आरोपीशी काही संबंध असल्याचं बचावपक्षाला दाखवता आलेलं नाही. सबब जन्मठेप. तुरुंग आमच्याच नाशिक रोडला, तेव्हा शौकतला फार लांब जावं लागलं नाही. फौजदारांची बढती झाली. मंडपवाल्यानं पडदा धुऊन पुढच्या लग्नाला लावला.

पुंजारामला सरकारनं संरक्षण दिलं, गुपचूप. नवनाथ नावाचा पोलीस शिपाई, साध्या कपड्यात, कळवणचा भाचा म्हणून घरात राहायला आला. कपडे साधे, बूट तपकिरी, खात्याचे. अख्ख्या गल्लीनं बूट बघितले आणि सगळं समजून घेतलं. शौकतच्या बायकोनं, जहिदानंही बघितले. तुरुंगात मुलाखतीला गेली तेव्हा जाळीतून तिनं नवऱ्याला विचारलं, "पुंजाभाऊच होता ना तो?"

"पुंजाभाऊला जप," शौकत म्हणाला. "अपिलात त्याच्या साक्षीशिवाय आपल्याकडं काही नाही."

"आणि ती दुसरी साक्ष?"

"ती कुणाची, आपल्याला ठाऊक नाही. कळलं?"

जहिदाला कळलं. तेव्हापासून दर शुक्रवारी ती पुंजारामकडं डबा घेऊन जाते. आधी नवनाथ चाखतो, विष नसल्याची खात्री करायला, आणि खात्री व्हावी म्हणून चांगल्या बोट्या तोच खातो. उरलेलं पुंजारामपुढं येतं. जहिदा शौकतच्या जुन्या स्टुलावर बसते, मध्ये कॅरमचा पाट, आणि तो संपवेपर्यंत त्याच्याकडं बघत राहते.

"घ्या भाऊ. तब्येतीला जपा. तुम्हाला काही झालं तर आम्हाला कोण आहे?"

"भाभी, बास."

"आणखी एक घास. मागची साक्ष आठवते ना? राणी कुणी घेतली होती?"

"शौकतनं."

"हां. खा."

अपील बोर्डावर कधी येईल, कुणाला माहीत नाही. एवढं खाऊनही पुंजाराम वाळत चाललाय. गळ्याची हाडं अशी वर आलीत की पावसाचं पाणी त्यात साठतं आणि चिमण्या पिऊन जातात. पाटावर दोनदा वाजवायला जातो आणि चार-पाचदा वाजतं. जहिदा काळजीनं अर्धी झाली आहे. परवा मी पाहिलं, ती त्याला दवाखान्यात नेत होती. एका बाजूनं तिनं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं नवनाथनं, आणि पुंजाराम मान खाली घालून, दोघं नेतील तिकडं, चालत होता.