इंजिनातला नवरा

मैदानात गाड्या कमी आणि माणसं जास्त झाली होती. सगळ्यांच्या माना एकाच मोटारघराकडे वळलेल्या. दोन पलंग, एक शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, असं चाकांवरचं घर ते. आणि त्याच्या इंजिनात म्हणे मालक बोलत होते! मालकांना जाऊन तीन महिने झाले होते.

ड्रायव्हरच्या जागी पायघोळ कफनी पसरून बाबा बसले होते. इंजिन चालू होतं.

"हे मुक्तात्म्या, समाधानी आहेस ना?"

खडखडखड!

"होकार!" बाबा गरजले. गर्दीनं हात जोडले.

मिस्त्रीला शिसारी आली. तीस वर्षं इंजिनं खोलत आलेला माणूस तो. ज्या ताईनं त्याला लहानाचा मोठा केला, तीच, मालकांची बायको, त्या भोंदूपुढे धापा टाकत बसली होती. पाय सुजून खांब झालेले. गेल्याच आठवड्यात खडखडीनं तिला 'सांगितलं' होतं, हृदयाच्या गोळ्या बंद कर.

"ताई, एक दिवसही चुकवू नको म्हणालेत ना डॉक्टर?"

"अरे, ह्यांनीच सांगितलं. ह्यांचं नाही ऐकायचं तर कुणाचं ऐकू?"

"मला बॉनेट उघडू दे."

"खबरदार!" बाबा ओरडले. "बॉनेट उघडलं की आत्मा निघून जाईल!"

ताईनं भावाचा हात धरला. "नको रे. एकदा गेलेत, पुन्हा नको घालवू."

मिस्त्री मागे सरला. तेवढ्यात बाबांचं तुपट हसू दिसलं आणि त्याचं डोकंच फिरलं.

"बॉनेटला हात नाही लावत," म्हणत तो लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली सरकला. टोक लोखंडाला, मूठ कानाला. मिस्त्री लोकांची ही नाडीपरीक्षा. इंजिन ठणठणीत होतं. मग टोक धुराच्या नळीवरच्या पत्र्याला लावलं आणि वर बाबांनी पुढचा प्रश्न विचारला, तर कानठळ्याच बसल्या! पत्र्याचा एक स्क्रू गळून पडला होता. आणखी एक गोष्ट त्यानं हेरली. प्रत्येक उत्तराआधी इंजिनचा आवाज चढत होता. आत्मा काय ॲक्सिलरेटर दाबून बोलतो? त्यानं पत्रा आणि नळीमध्ये हातोडीचा दांडा ठोकून बसवला.

"विचारा बाबा, काय विचारायचं ते!"

बाबांनी विचारलं. इंजिन गुरगुरलं. खडखड नाही. पुन्हा विचारलं. इंजिन नुसतं बोंबललं.

"आत्मा रुसलाय," बाबा पुटपुटले.

"रुसला नाही, दांड्यानं दाबलाय!" मिस्त्रीनं दार उघडून कफनी वर केली. बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

बाबांना उतरवून, दांडा काढून त्यानं गर्दीतल्या पोस्टमनला तिथं बसवलं. "दाब पाय, विचार काहीही."

"मी राजा होणार का?"

खडखडखड! लोक खो-खो हसले. बाबा गर्दीतून केव्हा सटकले, कुणाला कळलंही नाही.

तरी एकजण म्हणालाच, "तो पत्रा द्याल का? देवघरात ठेवीन म्हणतो."

मिस्त्रीला थुंकावंसं वाटलं. "अरे, एका म्हातारीचा जीव जात होता! वाकायचंच तर त्या बाबाच्या पायाशी काय वाकता? गाडीखाली वाका, आवाज कुठून येतो ते बघा!"

ताई मात्र रडवेली झाली होती. "म्हणजे हे काहीच बोलले नाहीत?"

मिस्त्री तिच्याशेजारी बसला. "बोलायचे ना, ताई. किल्ली फिरवायच्या आधी भाऊजी रोज तुला काय विचारायचे?"

ताईनं ड्रायव्हरच्या जागेकडे पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाली, "गोळी घेतलीस का."

आणि भावाचा हात धरून उठली. "चल, डॉक्टरकडे ने मला."