मनकर्णाबाईंनी निवडलेली वाळू

मित्रांनो, रव्याची चाळणी माशांच्या गोष्टी काय सांगणार, असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पत्र्याचे कडे, आत लोखंडी तारेची बारीक जाळी आणि एका बाजूला पोचा, एवढाच माझा थाट. पण या शहरात काचेच्या पेटीत मासे पाळणारी कितीतरी घरे आहेत, जिथे मी चाळलेली वाळू तळाशी पसरली आहे आणि तिच्यावर मासे सुखाने वाढले आहेत. म्हणून ही गोष्ट सांगण्याचा हक्क माझाच.

माझा जन्म शहागंजातल्या एका लहानशा दुकानात झाला. गयासभाई नावाचे कारागीर पत्र्याचे काम करीत. जाळी कड्यात बसवली की ते तिच्यावर बोटाने टिचकी मारून कान देत. आवाज सैल आला की जाळी उसवून पुन्हा ताणत. मला त्यांनी दोनदा उसवले. तेव्हा मला फार राग आला होता. आज इतक्या वर्षांनीही माझी एक तार जागची हललेली नाही, ती त्या दुसऱ्या ताणण्यामुळेच.

मला विकत घेतले मनकर्णाबाईंनी. त्या मूळच्या पाचोडच्या. नवऱ्याची नोकरी शहरात, म्हणून पुंडलिकनगरात संसार थाटलेला. त्यांच्या हातात मी अशी काही डुलत असे की एक कण बाहेर सांडत नसे. रवा जाड की बारीक, हे त्या डोळ्यांनी नव्हे, चिमटीत घेऊन ठरवीत. शेजारणी दिवाळीत मला मागून नेत आणि परत देताना म्हणत, "मनकर्णाबाई, तुमच्या चाळणीचा हात नाय धरायचा कुणी." मला ते ऐकायला आवडे. खोटे कशाला बोलू?

मग दिवस पालटले. मनकर्णाबाईंचे यजमान गेले. मुलगा काकासाहेब वाळूजच्या कारखान्यात लागला, त्याचे लग्न झाले आणि सूनबाईंनी स्टीलची नवी चाळणी आणली. तिच्या जाळ्या बदलता येत. मी गॅलरीतल्या खिळ्यावर गेले. शेजारी कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी, वर कोळ्याचे जाळे. सहा वर्षे मला कुणी हात लावला नाही.

त्या खिळ्यावरून मला बैठकीतली माशांची पेटी दिसे. काकासाहेबाने ती हौसेने आणली होती. तीन फूट लांब, आत सहा पिवळेजर्द मासे. आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातली ती जात, सिक्लिड म्हणतात तिला. तळाशी त्याने निळे-जांभळे टोकदार खडे पसरले होते. दिव्यात ते असे चमकत की पाहुणे आधी खडे बघत आणि मग मासे.

एका वर्षी कंपनीने काकासाहेबाला सहा महिन्यांसाठी चेन्नईला पाठवले. जाताना तो आईला एवढेच म्हणाला, "दोन येळा चिमूटभर खाणं टाक, बाकी कायबी करू नको."

दुसऱ्याच आठवड्यात एक मासा मेला. चार दिवसांनी आणखी एक.

मनकर्णाबाई पेटीसमोर खुर्ची टाकून बसल्या. दोन दिवस बसून होत्या. खाणे खड्यांच्या फटीत पडते, तिथेच कुजते आणि पाण्याला वास येतो, हे त्यांनी पाहिले. मासे तळाशी तोंड खुपसतात, खडा उचलतात आणि टाकून देतात, हेही पाहिले. एकाचा ओठ फाटला होता. एका मादीचा गळा फुगला होता आणि ती काही खात नव्हती.

सूनबाईंनी घाबरून चेन्नईला फोन लावला. काकासाहेब म्हणाला, "आई, उरलेले चारबी हबीबभाईला देऊन टाक. तुझ्याच्यानं नाय व्हायचं ते."

मनकर्णाबाईंनी फोन ठेवला. कुणाच्याही बाबतीत 'तुझ्याच्याने होणार नाही' हे वाक्य त्यांना कधी पचले नव्हते. त्यांनी हबीबला बोलावले खरे, पण मासे द्यायला नव्हे, विचारायला.

हबीब मासे विकणारा, तरुण आणि प्रामाणिक. त्याने पेटीशी वाकून पाहिले आणि हसला.

"अम्मा, ही आजारी नाय. तोंडात अंडी धरलीत तिनं. बच्चे बाहेर पडस्तोवर खाणार नाय."

"किती दिवस?"

"तीन हप्ते समजा. पण घाबरली तर गिळून टाकती, नायतर थुंकती."

"आन् बाकीचे का मराया लागले?"

"हे पत्थर काढा, अम्मा. खाली घाण सडती अन् तोंडाला जखम व्हती. ह्यांना वाळू पायजे. ही मच्छी वाळू चाळती."

"चाळती?"

"तोंडात भरून घेती, खायचं तेवढं ठेवती, बाकीचं कल्ल्यातून सोडून देती."

मनकर्णाबाई उठल्या, थेट गॅलरीत आल्या आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढले. "चाळायचं काम हाय व्हय? मग ते मला कुणी शिकवायला नको."

मित्रांनो, त्या क्षणी मला झालेला आनंद काय सांगू! पण तोच दिवस आम्हा दोघींच्या नामुष्कीचा ठरला.

समोरच्या गल्लीत बांधकाम चालू होते. तिथून बाईंनी टोपलेभर वाळू आणली. ती नदीची नव्हती, दगड भरडून केलेली होती. रवा चाळतात तशीच त्यांनी ती चाळली आणि खाली पडली ती घेतली. नळाला पाणी तीन दिवसांआड येई, म्हणून दोनच बादल्यांत धुतली. "एका कोपऱ्यात टाकून बघू," म्हणत ओंजळभर आत सोडली.

क्षणात पाण्याचे ताक झाले. मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. बाईंनी पिण्याच्या पिंपातले पाणी उपसून निम्मे पाणी बदलले, तरी संध्याकाळपर्यंत एक मासा आडवा झाला. उरले तीन. अंडी धरलेली मादी एका कोपऱ्यात थरथरत उभी होती, पण तिने तोंड उघडले नव्हते.

त्या दिवशी मनकर्णाबाई जेवल्या नाहीत. सूनबाई ताट घेऊन आल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा माझ्या हातानं गेला. ह्यात कुणाचा दोष नाय." मग मला मांडीवर घेऊन त्या जाळीवरची धूळ बोटाने पुसत राहिल्या. एकदम थांबल्या आणि स्वतःशीच बोलल्या, "मी पीठ काढलं. पायजे होता रवा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही पाचोडला गेलो. त्यांचे धाकटे भाऊ आप्पासाहेब तिथे मोसंबीची बाग करीत. घराचे बांधकाम झाले, त्यातून उरलेला गोदावरीच्या वाळूचा ढीग त्यांच्या गोठ्यामागे पडून होता.

"आक्का, वाळूसाठी इथवर आलीस? शहरात वाळूचा दुष्काळ पडला काय?" आप्पासाहेबांनी विचारले.

बाई ढिगाशी बसल्या. चिमूट घेऊन त्यांनी हाताच्या मागच्या बाजूवर घासली. पाण्याने घोळून घोळून गोल झालेले दाणे, टोचेनात. मग त्यांनी थोडी वाळू धुऊन चक्क तोंडात टाकली, जिभेवर घोळवली आणि थुंकली.

आप्पासाहेब ओरडले, "आक्का! वाळू खाती काय तू?"

"मासा तोंडात घेणार हाय, आप्पा. मला लागली तर त्याला लागंल."

आप्पासाहेबांनी आतून गव्हाची चाळण आणून दिली. तिच्यातून मोठे खडे निघाले. खाली पडलेली वाळू माझ्यात आली. आयुष्यभर माझ्यातून खाली पडेल ते मोलाचे आणि वर राहील ते टाकाऊ होते. त्या दिवशी उलटे झाले. खाली पडली ती धूळ फेकली गेली आणि माझ्या अंगावर जे दाणे उरले, तेच कामाचे ठरले. मला माझी नवीच ओळख झाली.

वाळूत शिंपल्यांचे बारीक तुकडे होते. त्यांवर लिंबू पिळले तर फेस येई. बाईंनी तिथूनच फोन करून हबीबला विचारले. तो म्हणाला, "राहू द्या अम्मा, शिंपल्यानं पाणी भारी, म्हंजी चुन्याचं व्हतं, अन् ह्या मच्छीला तसंच पाणी मानवतं. दुसरी जात असती तर मना केलं असतं."

मग धुणे. आप्पासाहेबांनी विहिरीची मोटार चालू केली. पाइपाच्या तोंडाशी घमेल्यात वाळू, वरून बाईंचा हात. गढूळ पाणी पाटाने थेट मोसंबीच्या आळ्यांत गेले, थेंब वाया गेला नाही. बावीस वेळा धुतली, तेव्हा घमेल्यात बाईंना स्वतःचा चेहरा दिसला. "आता झाली," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी मुळीच घाई केली नाही. मादी घाबरू नये म्हणून सूनबाईंनी टीव्ही बंद ठेवला, पडदे ओढले. रोज एका बाजूचे खडे हलकेच काढायचे आणि तिथे वाटीने वाळू तळाशी नेऊन सोडायची, वरून ओतायची नाही. हबीबने सांगितले होते तेवढीच, दोन बोटे जाड. तीन दिवस हे चालले. पाणी एकदाही गढूळ झाले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नर खाली गेला. त्याने तोंडभर वाळू उचलली, जबडा हलवला आणि दोन्ही कल्ल्यांतून वाळूची बारीक धार खाली सुटली.

"अगं बया!" मनकर्णाबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. "हे तर खरंच चाळतंय!"

पुढे अडीच आठवडे त्या पेटीजवळून हलल्या नाहीत म्हटले तरी चालेल. मादी वाळत चालली होती, पण वाळूवर शांत टेकून असे. एका दुपारी तिने तोंड उघडले आणि आतून तांदळाच्या दाण्याएवढी पिल्ले एकेक करून बाहेर आली. सूनबाईंनी तीनदा मोजली.

संध्याकाळी काकासाहेबाचा फोन आला. त्याने भीतभीतच विचारले, "आई, किती उरले?"

"तीन."

"तीनच?"

"आन् सतरा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हापासून मला उसंत नाही. हबीबच्या दुकानातून कुणीही सिक्लिड नेले की तो पत्ता देतो आमच्या घराचा. बाई प्रत्येकाला आधी चिमूटभर वाळू हातावर घासायला लावतात आणि आपल्या चुकीने गेलेल्या माशाची हकीकत न लपवता सांगतात. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून मला हलवायचे काम सूनबाई करतात. दाणा मात्र अजून बाईच पारखतात.

तुम्हीही एखादा जीव घरी आणाल, तेव्हा पेटी कशी दिसेल हे बघण्याआधी त्याच्या तोंडाला आणि अंगाला काय मानवेल ते बघा. न कळेल ते विचारा, चुकलात तर कबूल करा आणि पुन्हा नीट करा. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू काम झाल्यावर ओलीच टाकून ठेवू नका. तारेला गंज फार लवकर धरतो. मला पुसून जरा उन्हात उभी करा. उद्या ताहेरा मॅडम शिकवतात त्या शाळेतली माशांची पेटी वाळूने भरायची आहे, पन्नास मुले वाट बघत आहेत.