उन्हात ठेवलेली डबी

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात लोण्याच्या शेजारी, एक करडी लोखंडी डबी राहायची. डबी म्हणजे गिटारचं पेडल. गिटारची वायर एका बाजूने आत, अॅम्प्लिफायरची दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि मधलं बटण पायाने दाबलं की साधा सरळ सूर फाटून, पसरून खोलीभर सांडायचा. डबी वयाने बाइंडरपेक्षाही मोठी होती. तिच्या पोटातल्या जुन्या ट्रान्झिस्टरांना उष्णता म्हणून सोसायची नाही. जरा तापले की आवाज चिरकायचा. म्हणून तिचा मुक्काम फ्रिजमध्ये. बायकोने पहिल्या वर्षी कटकट केली, दुसऱ्या वर्षी थट्टा केली, आणि मग मुकाट्याने लोणी जरा सरकवून दिलं.

बॅटरीचेही असेच लाड. नवीकोरी चालायची नाही, अर्धमेली लागायची. गल्लीतला वायरमन आपल्या तपासणीच्या मीटरमधल्या उतरलेल्या बॅटऱ्या खास त्याच्यासाठी राखून ठेवायचा आणि हातावर ठेवताना म्हणायचा, "घ्या, शेवटच्या घटका मोजतेय."

संध्याकाळी दुकानातून आल्यावर, बोटांना अजून खळीचा वास येत असताना, बाइंडर खिडकीपाशी बसून वाजवायचा. फार काही यायचं नाही त्याला. तीन-चार सूर, तेही सावकाश. पण थंड डबी आणि थकलेली बॅटरी यांतून निघालेला तो आवाज असा मऊ, कडा झिजलेला असायचा की खोलीचे कोपरे हळूहळू विरून जात. पडदा, टेबल, दाबाखाली वाळत ठेवलेली पुस्तकं, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं डोलायचं. अशा वेळी तो बारा वर्षांचा असायचा आणि घरात ताई गिटार वाजवत असायची. कारण हा आवाज ताईचा होता. तो त्याने लहानपणी ऐकला होता, आणि मोठेपणी खटपट करून डबीतून पुन्हा बाहेर काढला होता. त्याच्या आयुष्यात दुसरं कौतुकाचं फारसं काही नव्हतं, आणि त्याची त्याला तक्रारही नव्हती.

डबीसुद्धा ताईचीच. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना तिने ती त्याच्या हातात ठेवली होती आणि म्हणाली होती, "सांभाळ." सांभाळ म्हणजे घे, असा अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला. सव्वीस वर्षांत कोणी तो दुरुस्त केला नाही.

मग एका गुरुवारी फोन आला.

"छोट्या, मी रिटायर झाले. आता हातात वेळच वेळ आहे. रविवारी सकाळी येते, माझी डबी घेऊन जाईन म्हणते."

"ये की," एक्कावन्न वर्षांचा छोट्या म्हणाला.

दोन दिवस त्याचं कामात लक्ष नव्हतं. कुणा विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याने पहिलं शिवलं आणि सगळी शिलाई उसवावी लागली. उसवता उसवताच त्याला युक्ती सुचली. खोटं बोलायचं नाही, डबी लपवायची नाही. फक्त तिला तापवायचं आणि आत नवी बॅटरी घालायची. आवाज ऐकून ताई स्वतःच म्हणेल, राहू दे बाबा तुझ्याकडेच.

रविवारी सकाळी त्याने डबी खिडकीत ठेवली.

"आज तिला ऊन दाखवायचं काय काढलंत?" बायकोने विचारलं. तिने नव्या बॅटरीचा कागद पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "सख्ख्या बहिणीला फसवताय. शोभतं का?"

शोभत नव्हतंच. पण डबी तापत राहिली.

ताई आली. केस पांढरेशुभ्र, आखूड कापलेले. हातांवर प्रयोगशाळेतल्या रसायनांचे जुने डाग. चहा नको म्हणाली. गिटार मांडीवर घेतली, वायरी जोडल्या आणि बटणावर पाय ठेवला.

आवाज नव्हे, किंचाळी होती ती. तुटक, करकरीत, कानाला ओरखडे काढणारी. बाइंडर मान खाली घालून नकाराची वाट पाहू लागला. नकार आला नाही. त्याने वर पाहिलं तर ताईचे डोळे भरले होते.

"तसाच आहे रे! मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांत मवाळ झाला असेल. माझी ती पत्र्याखालची खोली आठवते? दुपारी नुसती भट्टी. आणि दर आठवड्याला नवी बॅटरी घालायचे मी. अगदी हाच आवाज."

"नाही ताई," तो जवळजवळ भांडल्यासारखा म्हणाला. "तुझा आवाज मऊ होता. मी ऐकलाय."

"तू कुठून ऐकलास? तुला कधी आत घेतलं होतं मी? बाहेर पायरीवर बसायचास. शेजारी ओरडायला नकोत म्हणून दाराला आतून जाड रजई टांगलेली होती."

बाइंडरने डबीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"म्हणजे," शेवटी तो म्हणाला, "सव्वीस वर्षं मी रजई वाजवत होतो."

ताई इतकी हसली की गिटार मांडीवरून घसरली. तोही हसला, आणि हसता हसता सगळं सांगून मोकळा झाला: खिडकीतलं ऊन, नवी बॅटरी, सगळं. "तू नेऊ नयेस म्हणून केलं," तो म्हणाला. "लाज वाटते."

ताईचं हसू थांबलं. "मग राहू दे का इथेच?"

हो म्हणावंसं त्याला फार वाटलं. पण बटणावरचा तिचा पाय अजून उचलला गेला नव्हता. एकसष्ट वर्षांची बाई मधल्या सुट्टीतल्या मुलीसारखी घाईत होती.

"तुझी आहे. ने," तो म्हणाला, आणि चेहरा दिसू नये म्हणून बाहेर पॅसेजमध्ये गेला. दार ओढून घेतलं.

आत ती पुन्हा वाजवू लागली. लाकडातून गाळला जाऊन आवाज त्याच्यापर्यंत आला: मऊ, लांबचा, कडा झिजलेला. ना फ्रिज, ना वायरमन. तो भिंतीला टेकून खाली बसला. डबी जाणार होती, याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की रडू येत होतं.

दार उघडलं.

"छोट्या, बाहेर काय करतोयस? आत ये ना."

हे वाक्य ऐकायला तो लहानपणी कितीतरी दुपारी बसून राहिला होता. तो उठला आणि आत गेला. आवाज भयंकर होता. दोन्ही कान दुखेपर्यंत तो तिच्या शेजारी बसून राहिला.